नळाच्या वायसरला माणूस मिळत नाही तेव्हा काय करायचं

सिंकचा नळ गळतोय, बेडरूमचा फॅन हळू फिरतोय, बाथरूमचं दार खाली घासतंय आणि गॅलरीतली एक फरशी पोकळ वाजतेय. चारही कामं मिळून दोन-अडीच तासांची नाहीत, पण यातल्या एकेका कामासाठी माणूस शोधायला निघालं की आठवडा जातो, "उद्या येतो ताई" ऐकून सुट्टी टाकावी तर तो येत नाही आणि आला तर बघून जातो तो परत फोनच उचलत नाही. मी पुण्यात सिंहगड रोडला पंचवीस वर्षं जुन्या बिल्डिंगमध्ये राहते, आमचं घर आणि सासूबाईंचं घर अशी दोन्ही घरांची किरकोळ कामं गेली बरीच वर्षं माझ्याकडे आहेत, त्यामुळे जे जमलं आणि जे अंगाशी आलं ते सगळं इथे लिहून ठेवतेय, ज्यांना आत्ता गरज आहे त्यांना तरी उपयोग होईल.

आधी त्यांच्या बाजूने हिशोब करून बघा कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. आमच्या भागात हाताला चांगला असलेल्या प्लंबरची दिवसाची हजेरी हजाराच्या पुढे आहे आणि नवीन साइटवर गेला तर पंधरा-वीस दिवस सलग काम मिळतं. तुमच्या वायसरसाठी त्याने गाडी काढायची, ट्रॅफिकमधून यायचं, गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहायचं, वर येऊन नळ उघडायचा, मग कळणार की हा वायसरचा नळच नाही, यात कार्ट्रिज (नळाच्या आतला, पाणी उघड-बंद करणारा अख्खा भाग) आहे, मग परत दुकानात, परत वर. दोन तास गेले, वस्तू दीडशेची, आणि आपण त्याच्या हातावर शंभर रुपये ठेवतो आणि वर म्हणतो पाच मिनिटांचं तर काम होतं. त्याचा खरा खर्च हेलपाट्याचा आहे, पान्याचा नाही. तुम्ही त्याचा एक हेलपाटा वाचवलात की तो तुमच्याकडे स्वतःहून येतो, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता मी सगळी कामं त्याच हिशोबाने लावते.

म्हणून पहिलं काम म्हणजे कामं साठवायची. फ्रीजवर एक कागद लावा आणि जे जे दिसेल ते लिहीत जा, हॉलचा स्विच सैल, गीझरखालचा पाइप घामेजतोय, कडी-कोयंडा बसत नाही, असं. पाणी वाहतंय किंवा करंट लागतोय असं काही असेल तर थांबायचं नाही, त्याच दिवशी बोलवायचं, पण बाकीचं सगळं चार-पाच कामं होईपर्यंत थांबू शकतं. मग फोनवर सांगायचं, दादा पाच कामं आहेत, तुमची अर्ध्या दिवसाची हजेरी निघेल. या एका वाक्याने माणूस येतो. शेजारच्या फ्लॅटमध्ये पण विचारून घ्या, आमच्या मजल्यावर चार घरं आहेत आणि आम्ही आता ठरवूनच एका शनिवारी इलेक्ट्रिशियनला बोलावतो, त्याचा दिवस भरतो आणि आम्हाला प्रत्येकी फार पडत नाही.

आता माणूस शोधायचा कुठे. सगळ्यात चांगली जागा म्हणजे घरापासून चालत जाता येईल असं हार्डवेअरचं दुकान आणि वेळ सकाळी नऊ ते साडेदहा. त्या वेळात आजूबाजूचे सगळे प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार दिवसाचा माल घ्यायला येतात. दुकानदाराला सगळं माहीत असतं, कोण उधारी वेळेवर देतो, कोणाचा माल सारखा परत येतो, कोणाच्या नावाने गिऱ्हाईक येऊन भांडतं. पण त्याला "कोणी प्लंबर आहे का" असं विचारलंत तर तो समोर उभा असेल त्याचा नंबर देईल. विचारायचं असं, की तुमच्या स्वतःच्या घरचा नळ बिघडला तर तुम्ही कोणाला बोलावता? या प्रश्नावर तो जरा थांबतो, विचार करतो आणि मग जे नाव सांगतो ते बहुतेक वेळा चांगलं निघतं. आमचे आत्ताचे प्लंबरदादा असेच मिळाले, त्याला सात-आठ वर्षं झाली. आणि हो, त्याच दुकानातून टेफ्लॉन टेप, स्क्रू, बल्ब घेत जा, ओळख राहिली पाहिजे.

दुसरी जागा म्हणजे तुमच्या सोसायटीचा प्लंबर, जो टाकी आणि पंपासाठी येतोच. तो आधीच गेटच्या आत आहे, म्हणजे हेलपाट्याचा प्रश्नच मिटला. सेक्रेटरीला किंवा वॉचमनकाकांना सांगून ठेवायचं की पुढच्या वेळी ते आले की बी विंगमध्ये तीनशे दोनला पण पाठवा. वॉचमनने आणलेल्या माणसाकडून कधी कधी वॉचमनला शंभर-पन्नास मिळतात, त्यात मला काही गैर वाटत नाही, फक्त दर आपण थेट कारागिराशी बोलायचा.

तिसरं, सोसायटीचा ग्रुप. तिथे "कोणी चांगला सुतार सुचवा" असं टाकलं की दहा नंबर येतात आणि त्यातले सहा बंद असतात. प्रश्न नेमका टाका: गेल्या सहा महिन्यांत तुमच्याकडे कोणी येऊन काम केलंय का, काय काम, किती घेतले, आणि काम बिघडल्यावर बोलावलं तर परत आला का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पहिल्यांदा सगळेच गोड बोलतात, आठ दिवसांनी त्याच नळाखाली परत पाणी दिसलं की फोन उचलतो तो खरा आपला माणूस.

मजूर अड्डा, म्हणजे रोजंदारीची माणसं सकाळी कामासाठी उभी राहतात तो नाका, त्याबद्दल पण सांगते कारण बरेच जण तिथे जायला बिचकतात. वारज्याला किंवा डांगे चौकात सकाळी आठ-साडेआठच्या सुमाराला गवंडी, बिगारी, रंगारी उभे असतात. फोडाफोड, राडारोडा उचलणं, गिलाव्याचा पॅच, एखादी फरशी बसवणं याला तिथला माणूस उत्तम, त्याला त्या दिवसाचं काम हवं असतं आणि तुम्हाला त्याच दिवशी माणूस हवा असतो. तिथेच उभं राहून ठरवायचं की काम हजेरीवर की उक्तं (पूर्ण कामाचे एकदम ठरवून), बिगारी वेगळा लागणार का, येण्याजाण्याचं कोण बघणार, आणि संध्याकाळी पैसे हातात द्यायचे, "उद्या ऑनलाइन पाठवतो" अजिबात करायचं नाही, कारण रोजच्या हजेरीवर त्यांचं घर चालतं. विजेच्या कामाला मात्र मी नाक्यावरून माणूस आणत नाही. विजेला आयटीआय केलेला हवा, इलेक्ट्रिशियन आणि वायरमन हे दोन्ही ट्रेड दोन वर्षांचे असतात, आणि "तुम्ही कुठून केलंत" असं सहज विचारलं की शिकलेला माणूस आनंदाने सांगतो. आमच्याकडे येणारा मुलगा औंधच्या सरकारी आयटीआयचा आहे, बोर्ड उघडायच्या आधी टेस्टरने तपासतो आणि मला मेन बंद करायला लावतो, एवढ्यावरून कळतं.

ॲपचं काय? अर्बन कंपनीसारखी ॲप (आधी त्याचं नाव अर्बनक्लॅप होतं, २०२० मध्ये बदललं) ठरलेल्या कामाला बरी आहेत. फॅन लावणं, गीझर उतरवणं, नळ बदलणं, म्हणजे ज्याचं नाव आणि दर आधीच लिहिलेला आहे असं काम. वेळ मिळते, पावती मिळते, काही दिवसांची हमी पण असते. पण "कुठून तरी पाणी येतंय, बघा" अशा कामाला, जिथे अर्धा तास नुसतं बघावं लागतं, तिथे आपल्या भागातला जुना माणूसच लागतो, त्याला आपल्या बिल्डिंगचे पाइप कुठून गेलेत ते माहीत असतं. बुकिंग करताना दिसणाऱ्या दराचा स्क्रीनशॉट काढून ठेवा म्हणजे नंतर जास्तीच्या कामावरून वाद होत नाही.

आणि एक धोक्याची गोष्ट. फ्रीज, वॉशिंग मशीन, आरओ यांच्या कंपनीचा नंबर गूगलवर शोधून लगेच फोन लावू नका. बरेच नंबर खोटे असतात, कंपनीचंच नाव लावलेले. नंबर नेहमी वॉरंटी कार्डावरून, मशीनच्या मागच्या स्टिकरवरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घ्यायचा. "बुकिंगसाठी फक्त दहा रुपये या लिंकवर भरा" किंवा "हे ॲप डाउनलोड करा" असं कोणी म्हणालं की फोन ठेवायचा. आमच्या ओळखीत एका आजोबांचे यात पैसे गेलेत म्हणून एवढं ठासून सांगतेय.

फोनवर काय सांगायचं यावर अर्धं काम अवलंबून असतं. "नळ गळतोय" म्हणजे काहीच कळत नाही. तोंडातून थेंब थेंब गळतोय की चावीच्या मुळातून पाणी येतंय? पूर्ण एक फेरा फिरणारी चावी आहे की पाव फेऱ्यात उघडणारी? जुने, फेऱ्याफेऱ्याने उघडणारे नळ असतात त्यात स्पिंडल आणि वायसर असतो, पाव फेऱ्यात उघडतात त्यात कार्ट्रिज. दोन फोटो काढा, एक जवळून, एक लांबून भिंत दिसेल असा, आणि कंपनीचं नाव कोरलेलं असेल तर त्याचा तिसरा. सिंकखालचा किंवा बेसिनखालचा अँगल कॉक (भिंतीतून आलेलं पाणी बंद करायची छोटी चावी) बंद होतोय का ते पण आधीच बघून सांगा, तो जाम असेल तर त्याला टेरेसवरून पाणी बंद करावं लागतं आणि ते त्याला येण्याआधी माहीत हवं. फोटो पाठवले की माणूस वस्तू बरोबर घेऊनच येतो.

आता काही गोष्टी आपल्या आपण तपासता येतात, त्याने माणूस लागणार की नाही आणि कोणता लागणार ते कळतं. मी जरा सविस्तर लिहिते कारण लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथे जातात.

नळाला धार बारीक झाली की आधी तोंडाची जाळी काढून बघा. आमच्याकडे पुण्यात अधूनमधून गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवतात, शुक्रवारी पाणी आलं की सुरुवातीला गढूळ येतं आणि ती माती जाळीत अडकते. टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर पांढरा क्षार साचतो. जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात ठेवायची, सकाळी जुन्या टूथब्रशने घासायची, झालं. यासाठी माणूस बोलवायची गरज नाही.

फ्लशच्या टाकीतून पाणी झिरपतंय असं वाटत असेल तर टाकीत कपड्याची नीळ थोडी घाला आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात निळं पाणी उतरलं आणि टाकीतल्या वरच्या ओव्हरफ्लोच्या नळीतून पाणी जात नसेल तर आतलं रबरी सील गेलंय, ते स्वस्तात बदलतं, पूर्ण टाकी बदलायची गरज नसते. टाकी सारखी भरल्याचा आवाज येतोय आणि त्या ओव्हरफ्लोच्या नळीतूनच पाणी जातंय, तर भरणारा वॉल्व्ह किंवा फ्लोट (पाण्यावर तरंगणारा भाग) बघायला सांगा.

फॅन गुणगुणतोय पण फिरत नाही, किंवा फिरतो तो अगदी हळू, तर बहुतेक वेळा कपॅसिटर (पंख्याला फिरायला जोर देणारा छोटा डबीसारखा भाग) गेलेला असतो. छताच्या साध्या पंख्याला अडीच मायक्रोफॅरडचा लागतो (पंख्यावर किंवा जुन्या कपॅसिटरवर लिहिलेलं असतं, तेवढ्याचाच आणायचा) आणि त्याची किंमत शंभरच्या आतबाहेर असते. स्वतः वर चढून करू नका, बंद केल्यावर पण त्यात चार्ज राहू शकतो. पण कोणी आल्या आल्या "वाइंडिंग (मोटरीतली तारेची गुंडाळी) गेलंय, पंखाच बदला" म्हणालं तर त्याला सांगा की आधी कपॅसिटर बदलून बघा. जळका वास आला असेल आणि पंखा ढिम्म असेल तर मात्र वाइंडिंगच असणार.

लाइट सारखी ट्रिप होतेय तर घाबरून लगेच कोणाला "सगळी वायरिंग बदला" म्हणू देऊ नका. बोर्डवरचे सगळे छोटे एमसीबी (एकेका लाइनचे आपोआप पडणारे स्विच) खाली करा, मोठा स्विच वर करा, मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्याच्यावर ट्रिप झालं त्या लाइनवरची उपकरणं काढून परत बघा. आमच्याकडे दोनदा गीझरच निघाला, आतल्या एलिमेंटला क्षार चढून करंट लीक होत होता. अशा वेळी आरसीसीबी (करंट लीक झाला की वीज तोडणारा स्विच) ट्रिप होतो तो तुमचा जीव वाचवायलाच, त्याला बायपास करून देणाऱ्या माणसाला परत घरात घेऊ नका, तो कितीही स्वस्त असला तरी.

आणि आता सगळ्यात अवघड, छताला ओल. खालचे शेजारी वर येतात, आमच्या बाथरूमचं छत गळतंय म्हणतात, आणि मग गवंडी येतो आणि सांगतो सगळं फोडावं लागेल. आम्हाला एका ठेकेदाराने पूर्ण बाथरूम फोडून नवीन करायचं साठ हजाराच्या वरचं कोटेशन दिलं होतं आणि ते त्याने बाथरूममध्ये पाच मिनिटं उभं राहून दिलं होतं. आम्ही जवळजवळ विसार देऊन बसलो होतो. सुदैवाने आमचे प्लंबरदादा त्या आठवड्यात आले, त्यांनी काहीच न फोडता तीन दिवस तपासायला लावलं, आणि मी तेव्हापासून ते सगळ्यांना सांगते.

पहिलं, ओल सतत आहे की आंघोळीनंतर वाढते ते खालच्यांना नीट बघायला सांगायचं. रात्रभर कोणी पाणी वापरलं नाही तरी थेंब चालूच असेल तर बहुधा पाणी येणारा पाइप गळतोय, कारण त्याच्यात चोवीस तास दाब असतो. मग एक रात्र आपल्या बाथरूमचा मुख्य वॉल्व्ह बंद ठेवायचा, सकाळी थेंब कमी झाला तर खात्रीच. ओल आंघोळीनंतर वाढत असेल तर येणारा पाइप सोडून द्या, गडबड सांडपाण्याच्या पाइपात, नहाणीच्या ट्रॅपमध्ये (जाळीखालचा, पाणी जायचा वाकडा भाग) किंवा फरशीच्या सांध्यांत आहे. मग नहाणीचं तोंड फडकं कोंबून किंवा प्लगने बंद करायचं, इंच-दीड इंच पाणी जमिनीवर साठवून काही तास ठेवायचं आणि खाली बघायचं. खाली ओल आली तर फरशी किंवा तिच्याखालचं वॉटरप्रूफिंग. नाही आली आणि नहाणी मोकळी केल्यावर आली तर ट्रॅप किंवा त्याच्या पुढचा पाइप. आमच्याकडे ट्रॅपच्या भोवतीचा सांधा गेला होता. तेवढाच भाग उकरून परत भरला, चार फरशा बदलल्या, फटींत इपॉक्सी (पाणी न झिरपणारं भरण) भरलं, सगळं मिळून साडेचार हजारात झालं आणि नंतर तीन पावसाळे गेलेत, खाली कोरडं आहे.

याचा खर्च कोणी करायचा यावरून भांडणं होतात तर ते पण सांगते. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅटच्या आतल्या संडास, बाथरूम, सिंकमुळे होणारी गळती त्या त्या सभासदाने दुरुस्त करायची असते, आणि पावसाच्या पाण्याची, बाहेरच्या भिंतीची, बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती सोसायटीने. त्यामुळे वरचे तपास करताना खालच्यांना बरोबर घ्या, फोटो काढा, तारखा लिहा. शेजाऱ्यांशी संबंध पण त्यानेच टिकतात.

दाराचं वेगळंच असतं. जुलैमध्ये दार फुगतं, घासतं, आपण सुताराला बोलावतो, तो रंधा मारतो, आणि दिवाळीनंतर तेच दार आक्रसून एवढी फट पडते की कडीच लागत नाही. पावसाळ्यात घासणाऱ्या जागी नुसतं सँडपेपर मारून मेणबत्ती फिरवा, आणि बिजागरीचे स्क्रू आवळून बघा, कारण अर्ध्या वेळेला दार फुगलेलं नसतं, वरची बिजागरी सैल होऊन ते खाली बसलेलं असतं. कोरड्या दिवसांत दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेला रंग किंवा वॉर्निश मारून घ्या, त्या दोन कडा रंगारी नेहमी सोडतात आणि पाणी तिथूनच आत जातं.

दर ठरवताना तीन आकडे वेगवेगळे विचारायचे, बघायला यायचे किती, मजुरी किती, माल किती. बघायचे दोनशे-तीनशे मागितले तर द्या, काम दिलं तर ते मजुरीत धरणार का एवढं विचारा. बारकं काम असलं तर काम झाल्यावर घासाघीस करू नका, जे ठरवायचं ते पाना लावायच्या आधी. पाचशे म्हणून ठरलं आणि दहा मिनिटांत झालं तरी पाचशेच द्यायचे, त्याला दहा मिनिटांत करता यावं म्हणून तो पंधरा वर्षं हात चालवतोय. मोठं काम असेल, म्हणजे आठ-दहा हजारांच्या पुढचं, तर मालापुरता ॲडव्हान्स, मजुरी टप्प्याटप्प्याने आणि थोडी रक्कम शेवटच्या तपासणीपर्यंत हातात. वॉटरप्रूफिंगची तपासणी म्हणजे पाणी साठवून निदान एक दिवस, जमलं तर दोन दिवस ठेवणं, वरून छान दिसतंय यावर पैसे सोडायचे नाहीत. काय ठरलं ते व्हॉट्सॲपवर दोन ओळींत लिहून पाठवा आणि त्यांचा "हो" घ्या. त्यातूनही कोणी मोठी रक्कम घेऊन काम अर्धं टाकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तिथे तक्रार नोंदवता येते, आणि तेव्हा ही लिहिलेली दोन वाक्यं कामाला येतात.

माल आपण आणायचा की त्यांना सांगायचं? बारीक वस्तू, टेप, वायसर, स्क्रू, गिट्ट्या (स्क्रूसाठी भिंतीत ठोकतात त्या) त्यांनाच आणू द्या, त्यात वीस-तीस रुपये सुटले तर सुटू द्या. महाग वस्तू, नळ, गरम-गार पाण्याचा मिक्सर, गीझर, स्विच, वायर मात्र स्वतः जाऊन घ्या, जुना भाग किंवा त्याचा फोटो बरोबर न्या, पक्कं बिल घ्या आणि आयएसआय मार्क बघा. दुकानदारांकडून मिस्त्रींना मालावर कमिशन असतं हे सगळ्यांना माहीत आहे. विजेचा माल जास्त लागणार असेल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीपर्यंत जायला परवडतं, प्लायवूड आणि लाकडाला भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. एका नळासाठी मात्र एवढ्या लांब जाऊ नका, कोपऱ्यावरच्या दुकानात तो बसला नाही तर परत करता येतो.

गॅसच्या पाइपला कोणत्याही प्लंबरला हात लावू देऊ नका, मग तो कितीही विश्वासाचा असो. पाइप गॅस असेल तर गॅस कंपनीलाच फोन करायचा, सिलिंडरचा वास येत असेल तर १९०६ हा गळतीचा नंबर आहे.

ज्यांचे आईबाबा इथे एकटे आहेत आणि मुलं बंगळुरूला नाहीतर अमेरिकेत, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. तिकडून ॲपवर बुकिंग करून देणं सोपं वाटतं, पण दर वेळी नवीन माणूस दारात उभा राहतो आणि आईबाबांना त्याचं दडपण येतं, मग ते "काही बिघडलेलं नाही" म्हणायला लागतात आणि अंधारात चाचपडत राहतात. पुढच्या वेळी पुण्यात याल तेव्हा एक सकाळ यासाठीच ठेवा. जवळच्या दुकानातून एक प्लंबर आणि एक इलेक्ट्रिशियन शोधा, तुम्ही घरात असताना त्यांच्याकडून चार बारीक कामं करून घ्या, चहा घेता घेता आईबाबांशी ओळख करून द्या. पुढे पैसे तुम्ही तिकडून त्यांच्या खात्यात टाकू शकता, कामाचा फोटो ते तुम्हाला पाठवतील, आणि आईला ओळखीचा आवाज ऐकू येईल. माझी नणंद दुबईत असते, तिने सासूबाईंसाठी असंच केलंय, आणि सासूबाई आता मला न सांगता त्या दादांना परस्पर फोन करतात.

वेळ कोणती साधायची हे पण महत्त्वाचं. पुण्या-मुंबईतले बरेच प्लंबर ओडिशातले, त्यातही केंद्रापाडा जिल्ह्यातले असतात, जूनच्या मध्याला त्यांचा रजो सण असतो, तेव्हा आणि दुर्गापूजेला बरेच जण गावी जातात. यूपी-बिहारकडचे सुतार आणि रंगारी दिवाळी-छठला जातात. मराठवाड्यातले गवंडी पेरणीच्या वेळी गावी असतात. मे महिन्यात सगळीकडेच लग्नं. आणि आपण नेमके मेच्या शेवटी जागे होतो की अरे टेरेसचं वॉटरप्रूफिंग राहिलं, गणपती-दिवाळीच्या आधी सगळ्यांना एकदमच रंग द्यायचा असतो. वॉटरप्रूफिंग फेब्रुवारी-मार्चमध्ये करा, रंग डिसेंबर-जानेवारीत. दर पण बरा मिळतो आणि माणूस घाईत नसतो. आपल्या माणसाला विचारून ठेवा, दादा गावी कधी जाणार, परत कधी येणार, आणि तुमच्या मागे कोणाला फोन करू? ते स्वतःच ओळखीतल्या दुसऱ्याचा नंबर देतात.

माणूस टिकवायचा तर थोडं आपल्याकडून पण पाहिजे. गेटवर आधी सांगून ठेवा म्हणजे त्यांना अर्धा तास उभं राहावं लागत नाही. सोसायटीत दुपारी दोन ते चार ड्रिल चालत नसेल तर ते फोनवरच सांगा. सिंकखालची भांडी, बादल्या आधी काढून ठेवा. प्यायला पाणी द्या, आणि बाथरूम वापरायचंय का ते विचारा, दिवसभर बाहेर काम करणाऱ्या माणसाची ती मोठी अडचण असते आणि ते आपणहून कधी बोलत नाहीत. पैसे लगेच. काम आवडलं तर दुसऱ्या दोन घरी नंबर द्या आणि त्यांना सांगा पण की मी तुमचा नंबर दिलाय.

शेवटचं काम आजच करून टाका, त्याला कोणीच लागत नाही. घरातला पाण्याचा मुख्य वॉल्व्ह कुठे आहे ते शोधा आणि बंद करून उघडून बघा. बऱ्याच घरांत तो वर्षानुवर्षं फिरवलेला नसतो, जाम होतो आणि पाइप फुटल्यावरच कळतं. फिरत नसेल तर जोर लावू नका, फ्रीजवरच्या कागदावर पहिलं काम म्हणून तेच लिहा. फिरत असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी एकदा फिरवत जा. मग एक छोटी वही घ्या आणि सिंकखालच्या दाराच्या आतल्या बाजूला लटकवा. माझ्या वहीतलं शेवटचं पान असं आहे: किचन नळ, कार्ट्रिज बदललं, मजुरी तीनशे, माल एकशे ऐंशी, जुनं कार्ट्रिज डब्यात ठेवलंय मापासाठी. गीझर, एलिमेंट साफ, पुढच्या थंडीआधी परत. प्लंबरदादा जून १० ते ३० गावी, तोपर्यंत त्यांच्या भाच्याला फोन.